‘शाळा पैशासाठी मुलांवर शिक्का मारतात’ म्हणे! आधी फॉर्म्युला तरी वाचा

गेल्या महिन्यात धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, ते पत्र नाही दिलं तर चालेल का?"

कुठलं पत्र, तर तिचा मुलगा दुसरीत आहे. वाचताना अडखळतो, अक्षरं उलटीपालटी करतो. वर्गशिक्षिकेने सुचवलं होतं की शाळेकडून एकदा तपासणी करून घ्या, तशी लेखी विनंती द्या. हिने पत्र लिहूनही ठेवलं होतं. तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जागे व्हा मराठी पालकांनो!’ असं सुरू होणारा तो मेसेज आला आणि पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. दीड महिना ते तिथेच पडून होतं.

मेसेज कुणी लिहिला ते माहीत नाही. आमच्याकडे तो मंडळातल्या एका काकांनी पाठवला. काका भले गृहस्थ आहेत, गणपतीत सगळ्यात आधी येऊन खुर्च्या लावतात. पण मेसेज पुढे ढकलण्याआधी तो वाचायचा असतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, बॉस्टन आणि वूस्टरच्या मधल्या एका गावात. इकडच्या बऱ्याच गावांत सध्या ओव्हरराइडची, म्हणजे घरपट्टीची मर्यादा ओलांडायला मतदारांची परवानगी मागण्याची चर्चा आहे. कारण शाळांचं बजेट बसत नाही. मेसेज त्यावरच आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राज्याने शाळांना विक्रमी पैसा दिला, तो मधल्यामध्ये गेला. लॉटरीचा आणि श्रीमंतांवरच्या कराचा पैसा शाळांचाच, तोही गेला. आपला कर ब्रॉकटन-लॉरेन्ससारख्या गरीब शहरांना जातो. मुलं कमी झाली तरी बजेट वाढतंच. शाळेला ‘आयईपी’च्या, म्हणजे विशेष शिक्षणातल्या प्रत्येक मुलामागे राज्याकडून जादा पैसे मिळतात, म्हणून शाळा धडधाकट मुलांवर शिक्का मारतात आणि त्यांच्यापायी आपल्या हुशार मुलांचे वर्ग बंद होतात. आणि शेवटी सल्ला: शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा ‘मराठी’ लिहू नका, तपासणीला हो म्हणू नका.

शेवटून दुसऱ्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं. पण त्याचं उत्तर समजायला आधी राज्य पैसे कसं वाटतं ते बघावं लागेल.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सप्टेंबर संपत आला की घरात एकच विषय असायचा, पट. सप्टेंबरअखेरच्या पटावर शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते ठरायचं, त्यामुळे वस्तीवर जाऊन मुलं शाळेत आणायची धावपळ चालायची. पट टिकला तर शिक्षक टिकला. पुढे २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरची मुलं कागदावरच राहिली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. इथेही पहिली पायरी तीच आहे. १ ऑक्टोबरला गावातली मुलं मोजतात. फरक त्यापुढे आहे, आणि मेसेज लिहिणारा नेमका तिथेच घसरलाय.

इथला कायदा १९९३ चा आहे. सगळे त्याला ‘चॅप्टर ७०’ म्हणतात. त्यात राज्य आधी एक हिशेब मांडतं: या गावातल्या एवढ्या मुलांना बऱ्यापैकी शिकवायला कमीत कमी किती खर्च यावा? शिक्षक, पुस्तकं, विमा, इमारतीची देखभाल, सगळं धरून. याला म्हणतात फाउंडेशन बजेट. मग दुसरा हिशेब: या गावाची स्वतःची ऐपत किती? अर्धी ऐपत घरांच्या किमतीवरून काढतात, अर्धी रहिवाशांच्या उत्पन्नावरून. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतं ते राज्य देतं. राज्यभराचा मेळ असा घातलाय की एकूण फाउंडेशन बजेटचे ५९ टक्के गावांनी उचलावेत, ४१ टक्के राज्याने. आणि गाव कितीही गबर असलं तरी त्याच्यावर ८२.५ टक्क्यांहून जास्त भार टाकायचा नाही. म्हणजे उरलेले १७.५ टक्के तरी प्रत्येकाला मिळावेत असा सूत्राचा रोख आहे.

सगळं एका वजाबाकीवर चालतं. या वजाबाकीत ‘एका मुलामागे राज्याकडून इतके डॉलर’ असा भाव नाही. एवढं डोक्यात ठेवलं तरी मेसेजमधले निम्मे मुद्दे आपोआप गळून पडतात.

‘विक्रमी पैसा’ घ्या. आकडा खोटा नाही. चॅप्टर ७० ची राज्यभराची रक्कम आता सातशे कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि २०१९ च्या स्टुडंट ऑपर्च्युनिटी ॲक्टनंतर ती दरवर्षी वाढते आहे. पण त्या कायद्याने वाढ दिली ती मुख्यतः ज्या गावांत गरीब घरांतली आणि इंग्रजी शिकणारी मुलं जास्त आहेत त्यांना. आमच्यासारख्या गावांची वजाबाकी केली तर सूत्राप्रमाणे नवीन काही निघतच नाही. कारण गेल्या वर्षी मिळालं त्याहून कमी द्यायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे आम्ही आधीच सूत्रापेक्षा जास्त घेऊन बसलोय. अशा गावांच्या हातावर राज्य दर मुलामागे थोडी किमान वाढ ठेवतं. आर्थिक वर्ष २०२५ साठी ती १०४ डॉलर होती, २०२६ साठी १५०.

हिशेब करून बघा. समजा एका गावात ३,००० मुलं आहेत आणि शाळांचं बजेट ६ कोटी डॉलर आहे. १५० गुणिले ३,००० म्हणजे साडेचार लाख. बजेटच्या पाऊण टक्का. पगार, बसचं कंत्राट, विमा हे सगळं मिळून तीन टक्क्यांनी जरी वाढलं, तरी १८ लाख लागतात. उरलेले साडेतेरा लाख कुठून आणायचे? घरपट्टीतून. आणि घरपट्टीला आहे टोपण. १९८० च्या नोव्हेंबरात इथल्या मतदारांनीच ‘प्रपोझिशन अडीच’ मंजूर केलं. नवीन बांधकामाची भर सोडली तर गावाची एकूण करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, वाढवायची असेल तर मत घ्या. ओव्हरराइड तो हाच. पैसा कुणी खाल्ला म्हणून गाव मत मागत नाही. खर्चाची वाढ एका गतीने जाते आणि वसुलीची दुसऱ्या, म्हणून मागतं.

(काका, अडीच टक्क्यांची मर्यादा गावाच्या एकूण वसुलीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. तुमचं बिल सहा टक्क्यांनी वाढलं म्हणून कायदा मोडला असं होत नाही. तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांपेक्षा जास्त वाढली असेल, तर असं होतं.)

मान्य करायला हवं तेही करते. ओव्हरराइड एकदा मंजूर झाला की तो वसुलीच्या मूळ रकमेत कायमचा मिसळतो, पुढची प्रत्येक अडीच टक्के वाढ त्याच्यावर लागते. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हे जड जाणारच. त्या कारणासाठी कुणी ‘नाही’ म्हटलं तर माझी हरकत नाही. पण ‘पैसा खाल्ला’ म्हणायला काहीतरी पुरावा लागतो.

लॉटरीचं दोन ओळींत संपवते. मॅसॅच्युसेट्सच्या लॉटरीचा नफा शाळांसाठी राखून ठेवलेला नाही. तो गावांना बिनशर्त मदत म्हणून मिळतो, गावाने त्यातून बर्फ काढावा नाहीतर अग्निशामक गाडी घ्यावी. काही राज्यांत लॉटरी शिक्षणाच्या नावावर चालते, तिथला मेसेज उचलून इथे चिकटवला असावा. श्रीमंतांवरचा कर, म्हणजे दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नावरचा जादा चार टक्के, २०२२ च्या मतदानात आला. तो मात्र शिक्षण आणि वाहतूक यांच्यासाठीच आहे. पण ‘शिक्षण’ म्हणजे आपल्या गावची शाळाच नव्हे. त्यात कम्युनिटी कॉलेज येतं, पाळणाघरं येतात, शाळेत सगळ्या मुलांना मिळणारं फुकट जेवणही येतं. काकांची नात रोज तेच जेवते. मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही.

राज्याकडून गावाला काय येतं आणि राज्य काय कापून घेतं, ते सगळं ‘चेरी शीट’ नावाच्या कागदावर असतं. एकेकाळी ते चेरीच्या रंगाच्या कागदावर छापायचे, म्हणून ते नाव. आता साधी फाइल असते आणि ती राज्याच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येते. चॅप्टर ७० चा तर गावागावाचा हिशेब शिक्षण खात्याने एक्सेलमध्ये टाकलाय. आपण निम्मे लोक दिवसभर एक्सेलच उघडून बसलेले असतो. तरी पैसा ‘गायब’ झाल्याचं आपल्याला व्हॉट्सॲपवरून कळतं.

आता तो मुद्दा.

‘आयईपीच्या प्रत्येक मुलामागे शाळेला जादा पैसे मिळतात, म्हणून शाळा शिक्का मारतात.’

आयईपी म्हणजे विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी शाळा आणि पालक मिळून बनवतात ती लेखी योजना. कुणाला वाचनासाठी आठवड्यातून तीन तास जादा, कुणाला बोलण्याच्या सरावासाठी अर्धा तास, कुणाला दिवसभर सोबत माणूस. शाळेने या मुलांची संख्या फुगवून राज्याकडून पैसे उकळावेत, हा आरोप आहे. तर चॅप्टर ७० च्या सूत्रात विशेष शिक्षणाचा आकडा येतो कुठून, ते बघा.

तो गावातल्या आयईपीच्या मुलांवरून येतच नाही. सूत्र त्यांना मोजत नाही. ते गृहीत धरतं की प्रत्येक गावातल्या एकूण मुलांपैकी एक ठरावीक टक्का विशेष शिक्षणात आहे. आधी हा टक्का ३.७५ होता, २०१९ च्या कायद्याने तो ४ केला. व्यवसाय-शिक्षणाच्या शाळांसाठी थोडा जास्त. शिवाय एक टक्का बाहेरच्या खास शाळांत पाठवाव्या लागणाऱ्या मुलांसाठी. हे चार टक्के म्हणजे डोकी नव्हेत. कुणी तासभर सेवा घेतं, कुणी दिवसभर, त्या सगळ्यांची गोळाबेरीज पूर्ण दिवसात बदलून काढलेला तो अंदाज आहे. गावाने शंभर मुलांना आयईपी दिला तरी टक्का तोच, पाचशेंना दिला तरी तोच, कुणालाच दिला नाही तरी तोच.

म्हणजे माझ्या पुतण्याची तपासणी झाली आणि त्याला आयईपी मिळाला, तर या सूत्रातून गावाला राज्याकडून किती जादा पैसे मिळतील? शून्य. वाचनाच्या शिक्षिकेचा खर्च मात्र गावाला करावा लागेल. पैशासाठी शिक्का मारायचा असता तर शाळेने उलटं वागायला हवं होतं, त्याला ‘होईल हो हळूहळू’ म्हणत चौथीपर्यंत ढकलायला हवं होतं. त्याच्या शिक्षिकेने आपल्या शाळेचा खर्च वाढेल असं काहीतरी स्वतःहून सुचवलं. तिचे आभार मानायचे की तिच्यावर संशय घ्यायचा?

टक्का ठरवून टाकण्यामागे कारण होतं. १९९३ चा कायदा करणाऱ्यांना नेमकी हीच भीती होती की मुलं मोजून पैसे दिले तर शाळा मुलं वाढवून दाखवतील. पट फुगवायची खोड काही आपल्याकडेच नाही. म्हणून त्यांनी मोजणीच काढून टाकली. ज्या चोरीची वाट तीस वर्षांपूर्वी बुजवून टाकली, त्या चोरीचा आरोप हा मेसेज आज करतोय.

कुणी जाणकार म्हणेल, ‘सर्किट ब्रेकर’चं काय? खरं आहे, तो पैसा मुलागणिक मिळतो. ज्या मुलावरचा खर्च राज्याने ठरवलेल्या उंबरठ्याच्या, म्हणजे साधारण पन्नास हजार डॉलरच्या पुढे जातो, त्याच्या वरच्या खर्चाचे ७५ टक्के राज्य परत करतं. तेही खर्च झाल्यावर. म्हणजे पहिले पन्नास हजार गावाचे आणि पुढच्या प्रत्येक डॉलरमागे चार आणेही गावाचेच. यात नफा कुठे आहे ते मला कुणीतरी समजावून सांगा. आणि आठवड्यातून तीन तास वाचन शिकणारं मूल त्या उंबरठ्याच्या जवळपासही जात नाही.

केंद्र सरकारचंही सांगते. विशेष शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ चा. त्यात केंद्राने एका मुलावरच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायची तयारी दाखवली होती. बहुतेक वर्षांत ते त्याच्या निम्म्यापर्यंतही गेलेलं नाही.

आता या मुद्द्यातलं अर्धं सत्य. ते सांगताना मला बरं वाटत नाही, पण लपवलं तर माझ्यात आणि मेसेजमध्ये फरक काय? बजेट कमी पडलं की कात्री कशाला लागते? आयईपीत लिहिलेली सेवा कायद्याने द्यावीच लागते, तिला हात लावता येत नाही. मग कात्री लागते वाद्यवृंदाला, सहावीच्या स्पॅनिशला, ग्रंथपालाला, जादा गणिताच्या वर्गाला. त्यामुळे ‘त्यांच्यामुळे आमचं गेलं’ असं वाटणं समजू शकते. माझ्या मुलीचा ऑर्केस्ट्रा असाच गेला. तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं त्या संध्याकाळी मीही मनातल्या मनात कुणालातरी दोष दिलाच होता.

पण तो दोष मुलांचा नाही, त्या ठरावीक टक्क्याचा आहे. राज्यात आज पाचातल्या जवळपास एका मुलाला आयईपी आहे. २०१५ मध्ये विधिमंडळाने नेमलेल्या फाउंडेशन बजेट रिव्ह्यू कमिशनने अहवाल दिला. सूत्र दोन गोष्टींचा खर्च फार कमी धरतं, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं: एक विशेष शिक्षण, दुसरा कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा. दोन्ही मिळून वर्षाला निदान शंभर कोटी डॉलर कमी धरले जातात, असा त्यांचा हिशेब होता. हा अहवाल कुणा संघटनेचं पत्रक नाही, त्या कमिशनमध्ये दोन्ही पक्षांची माणसं होती आणि त्यावरूनच पुढे २०१९ चा कायदा झाला. कमी धरलेल्या दोन गोष्टींतली एक आरोग्यविमा. ‘शिक्षकांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमुळे आपल्या मुलांचे वर्ग बंद’ असा मेसेज आजवर मला आलेला नाही. बोट दाखवायला सात वर्षांची पोरं बरी सापडतात.

आणि महाग होतं ते काय? बाहेरच्या खासगी खास शाळांची फी. ती फी राज्यच ठरवून देतं. आर्थिक वर्ष २०२४ साठी राज्याने तिच्यात एका फटक्यात १४ टक्के वाढ मंजूर केली, एरवी ती दोन-तीन टक्के असायची. ज्या मुलांना तिथे पाठवावं लागतं त्यांच्या आईबापांना भेटा एकदा. कुणी हौसेने पाठवत नाही. गंमत म्हणजे, गावातच वाचनाची चांगली शिक्षिका दुसरीत मिळाली तर पुढे बाहेर पाठवायची पाळी कमी मुलांवर येते. तपासणीला नाही म्हणा, असा सल्ला देऊन गावाचे पैसे वाचवायला निघालेल्यांनी हा हिशेब केलाय का?

‘मराठी लिहू नका’ हा त्याचाच धाकटा भाऊ. शाळेत नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता ते विचारतात. इंग्रजीखेरीज काही लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात आणि गरज वाटली तरच इंग्रजी शिकणाऱ्यांत धरतात. इथे मेसेजला एक गुण देते: इंग्रजी शिकणारी मुलं सूत्र खरंच मोजतं आणि त्यांच्यापोटी फाउंडेशन बजेटमध्ये भर घालतं. पण वजाबाकी आठवा. ज्या गावाला आधीच सूत्रापेक्षा जास्त मिळतंय, त्याचं फाउंडेशन बजेट अशा चार-दहा मुलांनी वाढलं तरी मदत त्या किमान वाढीपुढे सरकत नाही. तेव्हा आमच्या गावाच्या शाळेला तुमच्या ‘मराठी’ या शब्दात पैशाचा काडीचा रस नाही. आणि चाचणीत मूल पास झालं की विषय संपला. माझ्या मुलीची चाचणी वीस मिनिटांत आटोपली होती. नंतर तिने तिथल्या बाईंनाच ‘कोथिंबीर’ म्हणायला शिकवलं. मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी मुलांना बळेबळे घेऊन जायचं आणि सोमवारी फॉर्मवर भाषा लपवायची, हे काय?

मुलं कमी झाली तर बजेट का कमी होत नाही? समजा गावात ४० मुलं कमी झाली. बालवाडीपासून बारावीपर्यंत तेरा इयत्ता, म्हणजे इयत्तेमागे तीन. तीही वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेली. बावीसच्या वर्गात एकवीस मुलं उरली म्हणून शिक्षक कमी होत नाही, बसचा एक फेरा कमी होत नाही, हीटर कमी जळत नाही. पुष्कळ वर्षं सलग घट झाली तर शाळा एकत्र कराव्या लागतात, आणि ती चर्चा गावांनी टाळू नये, हे खरं. पण तेव्हा ‘आमच्या जवळची शाळा बंद करू नका’ म्हणून सगळ्यात आधी फलक घेऊन कोण उभं राहतं, तेही आपण पाहिलंय.

राहता राहिला ब्रॉकटन-लॉरेन्सचा मुद्दा. होय, जातो तिकडे पैसा. आपण भरतो त्या राज्याच्या आयकरातून ब्रॉकटन, लॉरेन्स, स्प्रिंगफील्डच्या फाउंडेशन बजेटचा मोठा वाटा राज्य उचलतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, कायदा केलाच त्यासाठी. ब्रॉकटनच्या एका विद्यार्थिनीच्या नावाने खटला चालला आणि १९९३ च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक मुलाला शिकवणं ही राज्याची जबाबदारी आहे, मूल गरीब गावात जन्मलं म्हणून ती टळत नाही. आधार घेतला तो १७८० च्या राज्यघटनेचा. जॉन ॲडम्सच्या हातच्या त्या मसुद्यात म्हटलंय की विद्या आणि गावागावातल्या शाळा जिवापाड जपणं हे राज्यकर्त्यांचं कर्तव्य आहे. निकालानंतर तीनच दिवसांत गव्हर्नर वेल्ड यांनी नव्या कायद्यावर सही केली. लॉरेन्सच्या मुलांना मिळालेले पैसे ‘आपले’ असतील, तर माझी आई ज्या वस्तीशाळेत शिकवायची तिथला प्रत्येक खडू मुंबई-पुण्याच्या करदात्याचा होता. तेव्हा आपल्यापैकी कुणाला त्याची लाज वाटली नव्हती. ग्रुपवरचे किती जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेत, हात वर करा.

एक कोपरखळी मारल्याशिवाय राहवत नाही. हा मेसेज ज्यांनी हिरिरीने पुढे पाठवला, त्यांतले निम्मे अजून व्हिसावर आहेत, त्यांना ओव्हरराइडमध्ये मतच नाही. आणि ज्यांना आहे त्यांतले किती जण टाऊन मीटिंगला, म्हणजे गावसभेला येतात? मी जाते. शाळेच्या व्यायामशाळेत लोखंडी खुर्च्यांवर रात्री साडेदहापर्यंत बसते. तिथे आपण शाळेचा फक्त एकूण आकडा मंजूर करतो, त्यातून कुठला वर्ग ठेवायचा आणि कुठला काढायचा ते स्कूल कमिटी ठरवते. तिच्या बैठका वेगळ्या असतात आणि त्यांत कुणालाही बोलता येतं. ऑर्केस्ट्रा गेला त्या रात्री बोलायला चार पालक आले होते. मराठी मी एकटी.

जावेला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही, तेवढा तिला धीर नव्हता. एवढंच सांगितलं: पत्र दे. पत्र मिळाल्यावर पाच शालेय दिवसांत त्यांनी तुझी संमती मागायला हवी, संमती दिल्यापासून तीस शालेय दिवसांत तपासणी पुरी करायला हवी आणि पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत तुझ्यासोबत बसून काय ते ठरवायला हवं. तुला पटलं नाही तर सही करू नकोस, तुझ्या सहीशिवाय पहिला आयईपी लागूच होत नाही. दिरांचा ओव्हरराइडला विरोध आहे आणि ते ‘नाही’च म्हणणार आहेत. म्हणू देत.

संमतीपत्र चौथ्या दिवशी आलं. सही करून तिने ते त्याच संध्याकाळी परत पाठवलं. आता फ्रिजवरच्या कालनिर्णयवर ती रोज एक फुली मारते. परवा फोनवर कुरकुरत होती की मधली आठवडाभराची सुट्टी धरायची नसते हे मी तिला आधी का नाही सांगितलं.